सुनेचे हात

बेसा, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अश्लेषास आशीर्वाद.

सौ. लिहिताना पेन जरा थांबला. मग म्हटलं, कागदोपत्री अजून आहेसच तू या घरची सून, तर लिहावं. राग आला तर खोडून टाक.

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतच माझी शाळा. बाकीचं लिहिणं-वाचणं तुझ्या मामाजींच्या, म्हणजे यांच्या, वर्तमानपत्रांवर शिकले, तेव्हा अक्षर सांभाळून घे. भंडाऱ्याचा पत्ता तुझ्या आईने दिला. दिला, पण मी कशी आहे ते काही विचारलं नाही. बरोबरच आहे त्यांचं.

मी ठीक आहे. सुशीलची पुण्याला बदली झाल्यापासून घरात एकटीच. अर्ध्या वाटी डाळीसाठी कुकर लावायला जीवावर येतं, म्हणून दोन दिवसांचं वरण एकदम करते. टीव्ही दिवसभर चालू ठेवते. बघत नाही, पण कोणीतरी बोलत राहतं. सुशील रविवारी अकरा वाजता फोन करतो. गोळ्या घेतल्या का, गॅस आहे का, एवढं विचारतो. तुझं नाव तो काढत नाही, मीही काढत नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. आपल्या लेआउटच्या सोसायटीचा सेक्रेटरी प्रेमानंद परवा आला होता. म्हणाला, "काकू, काकाजी गेले तेव्हा १०८ ची गाडी आपल्याले सापडेपर्यंत पाऊण तास गेला. असं पुन्हा नाई होऊ द्यायचं. लोकाइले शिकवू, घरांवर नंबर टाकू. तुम्ही सोबत राहा. तुमच्या घरी झालं, तुमचं ऐकतीन लोक."

गाडीचा काही दोष नव्हता, हे तुलाही माहीत आहे. मीच फोनवर सांगितलं होतं, "हनुमान मंदिराजवळ या." बेसात हनुमान मंदिरं तीन. गाडी तिन्ही मंदिरं फिरली. शेवटी ड्रायव्हर बिचारा पानठेल्यावर विचारून आला. आणि आपल्या लेआउटात बेचाळीस नंबरचे प्लॉट दोन, कारण दोन मालकांनी आपापल्या जमिनीचे प्लॉट पाडले आणि दोघांनीही एकपासून मोजले. इतकी वर्षं राहिलो, कोणाच्या डोक्यात आलं नाही. पोस्टमन ओळखीचा, दूधवाला ओळखीचा, अडलं कधी नाही.

तर मी प्रेमानंदला हो म्हटलं. लोक मला विचारतात तेव्हा सांगते, त्या दिवशी जे झालं त्यात कोणाचाच दोष नव्हता, त्यांची वेळ भरली होती.

तू नागपूरच्या शाळेत शिकवत होतीस तेव्हा तुम्हा शिक्षकांना छातीवर दाबायचं वगैरे शिकवलं होतं. त्याचं काही लिहिलेलं असेल तर पाठवशील का? प्रेमानंदला दाखवीन.

थंडी पडली आहे. शाल घेऊन जात जा शाळेत.

तुझी सासू,
सुभद्रा

बेसा
९ डिसेंबर २०२४

चि. अश्लेषास आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. आत तुझी चिठ्ठी नव्हती, शाळेतला छापील कागद तेवढा होता. मी दोन्ही बाजू पाहिल्या, पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. मग कागद वाचला. "बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये" या ओळीखाली पेनाने रेघ होती. ती तू मारलीस की आधीपासूनच होती, यावर मी चार दिवस काढले.

काल सभागृहात वर्ग झाला. अदिती म्हणून तरुण डॉक्टरीण आली होती, रबराचा पुतळा घेऊन. कमरेच्या वरचाच होता, खाली काही नाही. शेजारची जयवंता माझ्या कानाशी म्हणते, "अवं माय, याचं बाकीचं कुठं गेलं?" हसू दाबता दाबता दोघींची पुरेवाट झाली. जयवंताचे यजमान भैयाजी पुढच्या खुर्चीवर होते, त्यांनी मागे वळून डोळे वटारले.

डॉक्टरीण म्हणाली, "घरात माणूस धाडकन पडला, हलवून हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास नीट नाही. पहिले काय कराल? खरं सांगा, मी रागावणार नाही."

मग काय विचारतेस. एक म्हणाला कांदा फोडून नाकाला लावू. एक म्हणाला चप्पल हुंगवू. कोणी तळपाय घासत होतं, कोणी दातखीळ उघडायला चमचा घालत होतं. भैयाजी म्हणाले, "पहिले पोराले फोन करतो." डॉक्टरीण म्हणाली, "पोरगा कुठे असतो?" "हैदराबादले." सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "पहिले १०८. पत्ता पूर्ण सांगायचा. आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायचं. जोरात, सेकंदाला जवळजवळ दोनदा, गाडी येईपर्यंत. दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं. फासळी मोडेल म्हणून भिऊ नका. मोडलेली फासळी जुळते."

मीही पुतळ्याजवळ बसले. गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि दहाव्या दाबालाच दम लागला. तेव्हा ठरलं, मी दाबणारी नाही. गाडी बोलावली की लाल शाल घेऊन नाक्यावर उभं राहायचं, हे माझं काम.

मग तिने मला विचारलं. प्रेमानंदने आधी सांगून ठेवलं असेल. "आजी, तुमच्या घरी हे झालं तेव्हा दाबणारं कोणी नव्हतं का?"

मी मान हलवली. नव्हतं म्हणून.

घरी येऊन तुझा कागद पुन्हा काढला आणि आता हे लिहीत आहे. तुला जे माहीत आहे तेच तुला लिहिते आहे, पण माझ्या हातून एकदा कागदावर उतरू दे.

सकाळचे आठ वाजले होते, सुशील घरी नव्हता. हे अंगणात पेपर वाचत होते. कप पडल्याचा आवाज आला म्हणून आपण दोघी बाहेर आलो. मी फोन करून आले तोवर तू त्यांना सरळ निजवलं होतं, गुडघ्यावर बसली होतीस, हात एकावर एक ठेवून त्यांच्या छातीवर टेकले होतेस. दोन-तीनदा दाबलंही. मी तुझं मनगट धरून ओढलं. "सासऱ्याच्या अंगाले हात लावून राहिली? मर्यादा नाई काही? लोकं पाहून राहिले!" असं म्हटलं मी. फाटकाशी खरंच चार लोक होते. तू म्हणालीस, "आई, सोडा, मले येते हे, सोडा!" मी सोडलं नाही. तू दुसऱ्यांदा वाकलीस तेव्हा मी मध्ये बसले. चार वर्षं तू त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हतास, आणि तो मीच तुला घ्यायला लावला होता. मग मी चमच्याने त्यांच्या तोंडात गंगाजळ घातलं. ते गालावरून वाहून गेलं.

तेरवीला नागभीडच्या नणंदबाईंनी विचारलं, "एवढी शिकली-सवरली सून घरात होती, तिनं काही नाई केलं?" मी म्हटलं, "गोंधळली बिचारी. उभीच राहिली." तो 'बिचारी' शब्द मी मुद्दाम घातला, म्हणजे मी तुला सांभाळून घेते आहे असं दिसावं. तू स्वयंपाकघराच्या दारात बुंदीचं ताट घेऊन उभी होतीस.

आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सुशीलने तुझ्यासमोर विचारलं, "आई, अश्लेषा म्हणते तू तिचा हात धरला. खरं काय ते सांग." मी बशीकडे पाहत म्हटलं, "मले काही आठवत नाई रे बाबा." मला सगळं आठवत होतं. सुशीलने तुझ्याकडे पाहिलं ते मी पाहिलं. वडील गेल्याचं दुःख कोणावर तरी टाकायचं होतं त्याला, आणि मी तुला पुढे केलं. पंधरा दिवसांनी तू बॅग भरलीस. तो आडवा आला नाही.

हे सुशीलला सांगायला हवं. येत्या रविवारी सांगते.

सुभद्रा

बेसा
२० जानेवारी २०२५

चि. अश्लेषास आशीर्वाद.

सहा रविवार झाले, सांगितलं नाही. पहिल्या रविवारी त्याला सर्दी होती. दुसऱ्या रविवारी तो घाईत होता. तिसऱ्या रविवारी मी आधी भाजीचा विषय काढला आणि भाजीतच फोन संपला. खरं सांगू? आठवड्यातून एकच फोन येतो मला. तोही बंद झाला तर, या भीतीने सांगायचं राहून जातं.

पण तुला आज वेगळंच लिहायचं आहे. त्यासाठी पाच दिवस शब्द जमवते आहे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जयवंताकडे हळदीकुंकू होतं. मी विधवा बाई, कुंकवाला जात नाही, पण जयवंता ओढून घेऊन गेली. "कुंकू नको लावू वं, तीळगूळ तं खाशीन! घरी बसून भिंती मोजून राहिली का?" घर बायांनी भरलेलं. तिची सून काजल हिरव्या साडीत, कोपरापर्यंत बांगड्या. भैयाजी बाहेर मांडवात खुर्च्या मांडत होते. एक खुर्ची पडली आणि मागोमाग ते.

पहिले बाया हसल्या. त्यांना वाटलं खुर्चीला अडखळले.

काजल धावली. हलवून पाहिलं, हाक मारली. पदर कमरेला खोचला आणि गुडघ्यावर बसली. डिसेंबरच्या वर्गात ती मागच्या रांगेत लेकराला मांडीवर घेऊन होती, पुतळ्याला हातही लावला नव्हता तिने. आता तिने हातावर हात ठेवले आणि दाबायला लागली. तिसऱ्या-चौथ्या दाबाला बांगड्या तडकल्या. बायांनी "अरे देवा" केलं. जयवंताचा नवरा पडलेला, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी अंगणात हिरव्या काचा. जयवंता किंचाळली, "काजल! मामाजी हायेत वं ते! सोड!" आणि तिने हात पुढे केला.

तो हात मी ओळखला गं. माझाच होता तो.

मी जयवंताला धरलं. मनगट नाही, दोन्ही खांदे मागून धरून तिला अंगाशी ओढलं. ती मला शिव्या देत होती, मी सोडलं नाही. कोणी बाई तांब्या घेऊन आली तिला "पाणी नाई!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की माझा घसा अजून बसलेला आहे. माझं काम नाक्यावर उभं राहायचं होतं, ते मी साफ विसरले. दुसऱ्याच कोणी पोरी धावत गेल्या. काजलच्या मनगटातून रक्त येत होतं. जयवंता रडत म्हणत होती, "मरून जातीन ते, तू दाबून राहिली म्हणून!" काजल मोजता मोजताच म्हणाली, "आई, नाई दाबलं तं जातीन. सरका तिकडं." सासूला असं बोलताना त्या पोरीला मी कधी ऐकलं नव्हतं. मग प्रेमानंद आला, त्याने घेतलं. पुन्हा काजलने. चौदा मिनिटांत गाडी आली. यावेळी पत्ता बरोबर होता, नवीन नंबर टाकलेला. गाडीतल्या डॉक्टरने भैयाजींना शॉक दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. दोन फासळ्या मोडल्यात. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य म्हणे, "छातीवर बैल नाचला का गा?"

सगळ्या लेआउटात आनंद आहे. मीही पेढा खाल्ला. घरी आले, दार लावलं आणि त्या अंगणातल्या जागेवर जाऊन बसले. तू तीनदा दाबलं होतंस. डॉक्टरीण म्हणाली होती, प्रत्येकजण वाचतोच असं नाही. मी तेवढ्यावर टेकून बसायचा खूप प्रयत्न केला. ते वाचले असतेच असं नाही, पण तुला दाबू दिलं असतं तर आज तू या घरात असतीस.

सुभद्रा

बेसा
२९ जानेवारी २०२५

अश्लेषा,

सांगितलं.

कसं ते सांगते. सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर काजलचा सत्कार ठेवला होता. शाल-श्रीफळ माझ्या हातून द्यायचं ठरलं, वयाने मोठी म्हणून. प्रेमानंद माणूस चांगला, पण माईक हातात आला की थांबत नाही. म्हणाला, "काजलवहिनीनं दाखवून दिलं! नाई तं शिकून-सवरून ऐन वेळी हात बांधून उभे राहणारेही आपण या लेआउटात पाहिले."

कोणी नाव घेतलं नाही. पण माना माझ्याकडे वळल्या, दयेने. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

माझ्या हातात नारळ होता. मी म्हटलं, "तो माईक इकडं आण." म्हटलं, "माझी सून हात बांधून उभी नव्हती. ती दाबून राहिली होती. तिचे हात मी धरले. मामाजीले हात लावू नको म्हणून मी तिले ओढलं, आणि तुम्ही फाटकाशी उभे होते त्यातल्या दोघा-तिघांनी ते पाहिलं. तुम्हीही दहा महिने बोलले नाई, मीही नाई बोलली." नंतर टाळ्या वाजवायच्या की नाही या पेचात लोक पडले. एका कोपऱ्यातून एक टाळी आली आणि तीही लाजून थांबली. मी काजलला शाल पांघरली आणि घरी आले.

रविवारच होता. अकरा वाजता फोन वाजला. मी म्हटलं, आज भाजी नाही. "सुशील, खाली बस. तुझी बायको खरं बोलत होती."

सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी तुले विचारलं होतं. तिच्यासमोर विचारलं होतं."

"हाव."

"तुले आठवत होतं?"

"सगळं आठवत होतं, बाबा."

"मी तिले काय काय बोललो माहीत आहे तुले? मी तिले म्हटलं, तूच माझ्या बापाले..." पुढचं त्याला बोलता आलं नाही. फोन ठेवला.

तो तुला असं बोलला होता, हे मला त्या दिवशी कळलं. दाराआड काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस, कोणाला सांगितलंस कोण जाणे.

क्षमा मागायला हे पत्र नाही. ती मागितली की देण्या-न देण्याचं ओझं पुन्हा तुझ्यावर येतं. आता त्याला माहीत आहे, एवढं तुला माहीत असावं.

सुभद्रा

बेसा
१८ फेब्रुवारी २०२५

अश्लेषा,

तीन रविवार फोन आला नाही. अकरा वाजता मी तरीही खुर्ची फोनजवळ ओढून बसते, सवय. साडेअकराला उठते. सुशीलने प्रेमानंदला फोन केला होता म्हणे, आई बरी आहे ना एवढं विचारलं. प्रेमानंदच्या तोंडून ऐकलं तरी दोन घास जास्त गेले.

त्याने रजा टाकली आहे असंही कळलं. मला वाटतं तो भंडाऱ्याला येईल. माझा त्यात बोलायचा हक्क नाही, तरी आईपणाने एक सांगते. "आईनं सांगितलं म्हणून आलो" असं म्हणाला तर दार उघडू नकोस. एकदा आईचं ऐकून त्याने तुला सोडलं, आता पुन्हा आईचंच ऐकून आला तर त्यात तू कुठे आहेस? तुझ्या तोंडून ऐकायला आला असेल, तर पाहा. तेव्हाही लगेच नाही. थोडा वेळ बाहेर उभा राहू दे. पाय दुखतील, दुखू दे. आणि मुळीच उघडावंसं वाटलं नाही, तर तेही तुझंच. मी कोणाला काही म्हणणार नाही. कोणी विचारलं तर काय झालं ते सांगीन, आता पाठ झालं आहे.

काल लेआउटात एक नवीन काम निघालं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा फॉर्म भरायचा. आजार कोणते, गोळ्या कोणत्या, किल्ली कोणाकडे, आणि काही झालं तर पहिले कोणाला कळवायचं. अशी आम्ही अकरा माणसं निघालो. कालपरवापर्यंत वाटत होतं, मी एकटीच एकटी आहे.

जयवंता माझा फॉर्म भरायला आली होती. पंधरा दिवस बोलत नव्हती माझ्याशी, खांदे धरले म्हणून. आता भैयाजी घरी आलेत, खाटेवरून हुकूम सोडतात, तर बोलते. साखर, बीपी, सगळं लिहिलं तिने. शेवटच्या रकान्याशी आली. "कोणाले कळवायचं? सुशीलचं लिहू?"

मी म्हटलं, "थांब."

तुझं नाव ओठावर आलं होतं. आजारपणात तूच धावायचीस, डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा तुलाच वाचता यायची. पण तुला न विचारता लिहायचं म्हणजे पुन्हा तुझं मनगट धरणंच. आणि विचारायचं तर नाही म्हणायलाही तुला जड जाईल. मी तुझा स्वभाव ओळखते. म्हणून विचारत नाही. सुशीलचंही नको म्हटलं, सध्या त्याला दुसऱ्या घरी पोचायचं आहे.

"तुझंच लिही," मी म्हटलं.

"माझं? अन् पुढं नातं विचारलं आहे वं. काय लिहू?"

"शेजारीण लिही."

तिने लिहिलं. मग किल्ली मागितली. मी कडीवरून काढून दिली. तिने ती आपल्या पदराला बांधली आणि म्हणाली, "उद्यापासून सकाळी आठ वाजता आवाज देईन. ओ नाई दिली तं आत येईन. मग ओरडू नको माझ्यावर."

आज आठ वाजता तिने कुंपणावरून हाक मारली. मी शेगडी पुसत होते. ओ दिली.

सुभद्रा